दोणभर भातापासून नाळीभर भातापर्यंत

आपल्या वसतिगृहात जो शिकला, त्याच्या कानात जेवणाची घंटा आजही वाजत असेल. ताट-वाटी घेऊन रांगेत बसावे, वंदना म्हणावी, वाढप्याने ठरलेल्या दोन भाकऱ्या, कालवण आणि भात वाढावा, आणि ताटात वाढलेले काहीही टाकू नये, हा येथील नियम. त्या वयात ते जेवण आम्हांला थोडे वाटे. पुढे नोकरी लागली, पगार सुरू झाला, स्वतःचे घर झाले, तेव्हा आम्ही मनाशी म्हटले, की आता कोणी भाकऱ्या मोजणार नाही. पुढे तीस वर्षे खरोखरच कोणी मोजल्या नाहीत. आम्हीही नाही.

चार वर्षांपूर्वी इयत्ता नववीची सहल घेऊन आम्ही अजिंठ्यास गेलो होतो. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या अर्ध्यावर चढून होत नाहीत तोच आम्हांला धाप लागली व कठड्याला टेकून बसावे लागले. मुले पुढे निघून गेली. ज्या लेण्यांविषयी आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, त्यांच्या दारात मुलांना एकटे पाठवून आम्ही खाली बसलो होतो. इतक्यात एक डोलीवाला जवळ येऊन अत्यंत आपुलकीने म्हणाला, "सर, बसा डोलीत. आम्ही चौघे नेतो वर." तो माणूस आमच्याच वयाचा व अंगाने काटक होता. दुसऱ्यांची ओझी वाहण्याचे काम ज्यांच्या पूर्वजांवर शतकानुशतके लादले गेले, त्यांच्या वंशातील एका शिक्षकाने आपल्याच खाण्याने वाढवलेले ओझे चार श्रमिकांच्या खांद्यावर ठेवावे, ही कल्पना आम्हांला सहन झाली नाही. आम्ही नकार दिला, आणि त्या दिवशी लेणीही पाहिली नाहीत.

परत आल्यावर तपासणी केली. उंची १६८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, कमरेचा घेर ११८ सेंटिमीटर, आणि मधुमेह. इतिहासाच्या शिक्षकाने वजनाविषयी का लिहावे, असे कोणास वाटल्यास त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. दुसरे उत्तर असे, की या विषयावरील एक जुना व उद्‌बोधक वृत्तान्त आपल्याच तिपिटकात आहे.

कोसल देशाचा जाडा राजा

संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात 'दोणपाक सुत्त' नावाचे छोटेसे सुत्त आहे. स्थळ श्रावस्ती. कोसलचा राजा प्रसेनजित, ज्याला पालीत पसेनदि म्हणतात, तो एका वेळी दोणभर तांदळाचा भात खात असे. दोण म्हणजे धान्य मोजण्याचे मोठे माप. एके दिवशी असेच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवान बुद्धांच्या भेटीस आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी एक गाथा म्हटली. तिचा आशय असा, की जो माणूस सदैव सजग राहतो आणि मिळालेल्या अन्नातही प्रमाण ओळखतो, त्याच्या वेदना हलक्या होतात, अन्न हळूहळू पचते व त्याचे आयुष्य जपले जाते.

राजाच्या पाठीशी सुदर्शन नावाचा एक तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, की ही गाथा भगवंतांकडून पाठ करून घे आणि माझे जेवण वाढले जाईल तेव्हा ती म्हणत जा. या कामासाठी राजाने त्याला रोज शंभर कार्षापणांचे कायमचे वेतन ठरवून दिले. सुदर्शनाने ते काम इमानाने केले. राजाचा आहार क्रमाक्रमाने उतरत गेला आणि अखेर तो जास्तीत जास्त नाळीभर भातावर स्थिरावला. नाळी हे दोणाच्या मानाने कितीतरी लहान माप. पुढे एकदा राजा आपल्या सडसडीत झालेल्या अंगावरून हात फिरवीत उद्‌गारला, की भगवंतांनी आपल्यावर दोन्ही प्रकारे अनुकंपा केली, इहलोकीच्या हितासाठी आणि त्यापलीकडच्याही हितासाठी.

धम्मपदाच्या अट्ठकथेत हीच कथा अधिक तपशिलाने येते. तेथे गाथा म्हणण्याची वेळ नेमकी सांगितली आहे. राजा शेवटचा घास हातात घेईल तेव्हा ती म्हणायची. राजाने तो घास खाली ठेवायचा. मग त्या घासात भाताची जितकी शिते असतील, तितके तांदूळ पुढच्या जेवणाच्या वेळी शिजवण्यातून कमी करायचे. अट्ठकथा मूळ सुत्तानंतर पुष्कळ काळाने आजच्या स्वरूपात आल्या, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ध्यानात ठेवावयास हवे. तथापि ज्या कोणी हा तपशील जपला, त्याला माणसाच्या सवयीची फार चांगली जाण होती, यात शंका नाही.

या कथेतून काय घ्यावे?

पहिली गोष्ट अशी, की भगवंतांनी राजाची निंदा केली नाही. 'तू खादाड आहेस' असे ते म्हणाले नाहीत, उपवासाची शिक्षाही दिली नाही. त्यांनी प्रमाणाची आठवण दिली. पालीत याला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे भोजनातील मात्रा जाणणे. खाणे वाईट असे यात कोठेही नाही. खाताना जागे असावे, एवढेच आहे.

दुसरी गोष्ट, राजाने स्वतःच्या निश्चयावर विसंबून राहणे टाळले. ताट समोर आले की आपला निश्चय टिकणार नाही, हे त्याने ओळखले आणि आठवण देणारा माणूस पगार देऊन नेमला. कोसलचा अधिपती आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या तरुणाकडून स्वतःला जेवताना टोकू देतो, हा नम्रपणा लहान नाही.

तिसरी गोष्ट, घट घासाघासाने झाली. दोणावरून नाळीवर राजा एका दिवसात आला नाही. आजच्या ताटातून जितके उरले, तितकेच उद्याच्या पातेल्यातून कमी झाले. शरीराला व मनाला त्याची सवय होण्यास अवसर मिळाला, म्हणूनच बदल टिकला.

मज्झिम निकायातील धम्मचेतिय सुत्तात हाच राजा भगवंतांना म्हणतो, की आपण दोघेही आता ऐंशी वर्षांचे आहोत. तो कमी जेवण्यामुळेच ऐंशी वर्षे जगला, असे अनुमान आम्ही काढणार नाही. परंतु एकेकाळी धापा टाकीत आलेला माणूस त्या वयातही भगवंतांच्या भेटीस येतो, हे चित्र मनाला उभारी देते.

भुकेचा वारसा

आता आपल्या समाजाच्या इतिहासाकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांचे जेवण त्यांच्या इच्छेने ठरत नव्हते. गावकीची कामे करून मिळणारी बलुत्याची भाकर, शिळे आणि उष्टे, यांवर पिढ्या जगल्या. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस व उष्टे अन्न सोडून देण्याचे आवाहन केले. अन्नाचा प्रश्न त्यांनी स्वाभिमानाशी जोडला. पोटात भूक असताना लोकांनी ते अन्न नाकारले. एका समाजाने आपल्या आहाराची रीत विचारपूर्वक व संघटितपणे बदलली आणि ती बदललेलीच राहिली, याचे यापेक्षा मोठे उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही. 'सवयी बदलत नाहीत' असे आपल्यापैकी कोणी म्हणू लागला, तर त्याला महाडची आठवण द्यावी.

त्यानंतरही भूक संपली नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आई-वडिलांनी खडी फोडली आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या पिढीने आम्हांला 'पोटभर जेव' असे सांगितले, तेव्हा त्या शब्दांत माया होती आणि भीतीही होती. उद्याची भाकर निश्चित नसलेल्या घरात आजची भाकर पोटभर खाणे हेच शहाणपण होते. आपण शिकलो, नोकऱ्या मिळवल्या, भाकर निश्चित झाली. परंतु जेवण्याची रीत मात्र दुष्काळातलीच राहिली, आणि अंगमेहनत थांबली.

विज्ञानही याच दिशेने बोट दाखवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाने व स्नायूंनी लहान होती, परंतु त्यांच्या अंगावरील चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. कुपोषित मातेच्या उदरात वाढलेले शरीर टंचाईसाठी तयार होते, आणि पुढे त्याला सुबत्ता मिळाली की मधुमेहाचा धोका वाढतो, असे या अभ्यासकांचे विवेचन आहे. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा खाली धरतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा बॉडी मास इंडेक्स आपल्याकडे २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ झाला की स्थूलता समजतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष यांचा हा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखवले. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पन्नाशीच्या तुकड्यांना गोळ्यांविषयी विचारून पाहावे, म्हणजे हे आकडे दूरचे वाटणार नाहीत. आमच्या तुकडीतील दोघे साठी न गाठताच हृदयविकाराने गेले. दोघेही आपापल्या घरातील पहिले पदवीधर होते. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. एक शिकलेला माणूस उभा करण्यास समाजाला किती पिढ्या लागतात, याचा हिशेब मनात ठेवून आपण आपल्या शरीराकडे पाहिले पाहिजे.

दुष्करचर्या नको

आमची पहिली चूक येथे सांगितली पाहिजे. तपासणीनंतर आम्ही इरेला पेटलो. एक वेळचे जेवण बंद केले, दुसऱ्या वेळी काकडी आणि ताक. दोन महिन्यांत ७ किलो वजन उतरले. सहकाऱ्यांनी कौतुक केले. त्याच वेळी आम्ही वर्गात चिडू लागलो व रात्री झोपेत भात-आमटीची स्वप्ने पाहू लागलो. भाच्याच्या लग्नात बांध फुटला. पुढच्या सहा महिन्यांत ९ किलो परत आले आणि काटा १०६ वर गेला.

सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देह झिजवून पाहिला आणि त्यातून बोध होत नाही हे ओळखून सुजाताची खीर स्वीकारली, हे आम्ही दरवर्षी मुलांना शिकवत होतो. स्वतःच्या ताटाशी मात्र आम्ही ते जोडले नव्हते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. सहा महिन्यांत त्यांचे सुमारे चतुर्थांश वजन घटले. पण त्यांचा स्वभाव बदलला, अन्नाखेरीज त्यांना काही सुचेना, आणि अन्न पुन्हा मिळू लागल्यावर कित्येकांची भूक शमता शमेना. उपासमार झालेले शरीर आपली शक्ती काटकसरीने वापरते व संधी मिळताच साठा करते. हा इच्छाशक्तीचा पराभव नसून शरीराचा धर्म आहे. अतिभोजन हे एक टोक, उपासमार हे दुसरे. मार्ग मधला.

आरंभ कसा करावा?

यानंतर आम्ही प्रसेनजिताची रीत धरली. ती येथे क्रमाने देतो.

प्रथम पंधरा दिवस आम्ही काहीच बदलले नाही. फक्त वहीत लिहिले, काय खाल्ले आणि किती. आम्हांला वाटे आपण बेताने जेवतो. वहीत निघाले, रोज रात्री पाच पोळ्या व दोन वेळा भात, आणि शिक्षककक्षात दिवसाकाठी सहा कप चहा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, सुमारे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ती शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी.

मग शेवटचा घास. दर पंधरवड्याला एकच वस्तू थोडीशी कमी केली. चहात दोनाऐवजी दीड चमचा, मग एक, मग अर्धा. पाच पोळ्यांच्या साडेचार, मग चार. आज रात्री आम्ही दोन पोळ्या व वाटीभर भात घेतो. कमी केलेली जागा रिकामी ठेवली नाही. तेथे मटकीची उसळ, पालेभाजी, अंडे, कधी सुकट आली. डाळी, कडधान्ये, अंडी व मासळी यांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते. भात-भाकरी शत्रू नव्हेत. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, एक चतुर्थांश वरण-उसळीचा आणि एक चतुर्थांश भात-पोळीचा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

चालण्याचेही तसेच. पहिल्या आठवड्यात विद्यालयाच्या मैदानाला दोनच फेऱ्या झाल्या, दहा मिनिटांच्या. गुडघे दुखले की थांबलो. वर्षभराने आम्ही पाऊण तास चालू लागलो. आठवड्यात १५० मिनिटे भरभर चालणे हे साधारण माप आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांनी एवढे चालून व आहार सुधारून वजन सुमारे ७ टक्के घटवण्याचे ध्येय ठेवले. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. १०० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे ७ किलो. डोंगर एवढाच आहे, आणि तो एका दमात चढावयाचा नाही.

आमच्या घरी सुदर्शनाचे काम धाकट्या मुलीने पत्करले. ती गाथा म्हणत नाही. आम्ही तिसऱ्या पोळीकडे हात नेला की एवढेच विचारते, "पप्पा, भूक आहे की सवय?" पहिले काही दिवस आम्हांला राग येई. आता ती सासरी गेली आहे, तरी प्रश्न ताटाजवळ हजर असतो. तिचे वेतन मात्र आम्ही बुडवले, हे येथे कबूल करतो.

तीन वर्षांत वजन १०६ वरून ८७ किलोवर आले. महिन्याला सरासरी अर्धा किलो. मध्ये दोन वेळा गाडी घसरली. एकदा लग्नसराईत ४ किलो वाढले, ते उतरवण्यास सात महिने लागले. फरक इतकाच, की या वेळी आम्ही वही बंद केली नाही. निर्देशांकाच्या हिशेबाने आम्ही आजही स्थूलच आहोत. पण मधुमेह आटोक्यात आहे, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आहेत, आणि झोप शांत लागते.

एक सावधगिरीची सूचना. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार घटवू नये. औषध तेवढेच व अन्न कमी, असे झाल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी व गरोदर भगिनींनीही सल्ला घेतल्याशिवाय काही करू नये. जाहिरातीतील चूर्णे व काढे यांपासून दूर राहावे. आणि मद्य हे पंचशीलाच्या विरुद्ध तर आहेच, वजन वाढवणारेही आहे.

समाजाने काय करावे?

प्रसेनजिताला सुदर्शन मिळाला, आम्हांला मुलगी मिळाली. परंतु ज्याच्या पाठीशी कोणीच नाही, त्याचे काय? विशेषतः आपल्या भगिनी सर्वांचे झाल्यावर उरलेले संपवतात, कारण अन्न टाकवत नाही. त्यांच्या वाढत्या वजनामागे कित्येकदा घराची काटकसर असते. 'टाकायचे नाही' हा नियम पाळावयाचा, तर तो पातेल्यात तांदूळ घालतानाच पाळला पाहिजे, शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पोटावर नव्हे. ती जेव्हा फिरावयास निघेल, तेव्हा घरच्यांनी भांडी घासावीत.

आपल्या विहारांत सायंवंदनेनंतर अर्धा तास सामुदायिक चालणे सुरू करता येईल. जयंतीच्या भोजनदानात बुंदीबरोबर उसळ व कोशिंबीर ठेवता येईल, आणि पाहुण्याने 'पुरे' म्हटल्यावर आग्रह थांबवता येईल. वर्गातील जाड मुलाला कोणी टोपणनावाने हिणवत असेल, तर शिक्षकाने ते तेथल्या तेथे थांबवावे. भगवंतांनी राजाला हिणवले नाही. लाजेने कोणी बारीक होत नाही, उलट लपून खाऊ लागतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा नववीची सहल घेऊन अजिंठ्यास गेलो. पायऱ्यांवर तीन ठिकाणी थांबलो, पण वर पोहोचलो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर मुलांबरोबर उभे राहून शिकवले. उतरताना डोलीवाले खाली बसलेले दिसले. आमचा ओळखीचा माणूस त्यांत होता की नाही, हे सांगता येणार नाही. आम्ही त्यांना 'जय भीम' केला. त्यांतील एकाने हात वर करून उत्तर दिले.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, या वसतिगृहाने आपल्याला दोन भाकऱ्यांचे ताट दिले होते. त्या वेळी ते गरिबीचे माप होते. आज तेच माप आपण आपल्या इच्छेने घेऊ शकतो. आरंभ उद्याच्या जेवणातील शेवटच्या एका घासापासून करावा.

जय भीम. नमो बुद्धाय.